१९४१ चा अव्वल बॅटर कोण? उत्तर भाजकात आहे

अमेरिकेतल्या बेसबॉलचा १९४१ चा मोसम घ्या. तिथल्या दोन मुख्य लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स ०.४०६ च्या सरासरीने पहिला आला. न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत प्रत्येकी किमान एक हिट मारली. (स्वतःच्या फटक्याच्या बळावर बॅटरने निदान पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठला की ती हिट.) सर्वाधिक हिट्स मात्र या दोघांपैकी कुणाच्याच नावावर नाहीत. २१८ हिट्स मारून त्या यादीत पहिला आला वॉशिंग्टन सेनेटर्सचा सिसिल ट्रॅव्हिस. होम रनमध्ये (एका फटक्यात चारही बेस) विल्यम्स पहिला, आरबीआयमध्ये (फटक्यामुळे पूर्ण झालेल्या धावा) डिमॅजिओ पहिला, ट्रिपलमध्ये (एका फटक्यात तीन बेस) क्लीव्हलंडचा जेफ हीथ पहिला. आणि लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार गेला डिमॅजिओकडे.

यातला एकही तक्ता चुकीचा नाही. प्रत्येक तक्ता वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, एवढंच. प्रश्न कोणता, हे ओळखायला आकडा कशाला कशाने भागून आला ते पाहावं लागतं. अंशावर सगळ्यांची नजर जाते, पण गोम बहुतेक वेळा भाजकात असते.

सरासरी म्हणजे नक्की काय

क्रिकेटमध्ये सरासरी काढताना धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात. बेसबॉलच्या बॅटिंग सरासरीत धावांचा संबंधच येत नाही. तिथे हिट्सना अ‍ॅट-बॅटने भागतात. कुंपणापलीकडे गेलेला होम रन आणि दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून घरंगळत गेलेला, एकच बेस मिळवून देणारा सिंगल, दोन्ही सरासरीत एकेकच मोजले जातात.

अ‍ॅट-बॅट म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं की अर्धं काम झालं. बॅटर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सामोरा गेला आणि त्याची पाळी पूर्ण झाली की एक प्लेट अपीअरन्स नोंदला जातो. यातली प्रत्येक पाळी अ‍ॅट-बॅट ठरत नाही. पिचरने चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याच्या, बाहेर टाकले आणि बॅटरने त्यांवर बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस बक्षीस मिळतो. हा वॉक. वॉक अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. चेंडू अंगावर आदळून पहिला बेस मिळाला, तर तेही धरत नाहीत. पुढच्या बेसवरच्या सहकाऱ्याला सरकवण्यासाठी मुद्दाम हळू टोलवलेला सॅक्रिफाइस बंटही वगळतात.

आता जे धरतात ते बघा, कारण नवखा माणूस इथेच फसतो. क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर तो अ‍ॅट-बॅट मोजला जातो पण हिट मिळत नाही. म्हणजे बेसवर उभा असलेल्या माणसाची सरासरी घसरते. क्षेत्ररक्षकाने बॅटरला सोडून पुढच्या बेसवरच्या धावपटूला बाद केलं, तरी तसंच. चेंडू सोडला की तो मुळात अवघडच होता, हे ऑफिशियल स्कोअरर ठरवतो. १९४१ मध्ये हे काम त्या त्या शहरातले क्रीडा पत्रकार करत. डिमॅजिओच्या मालिकेतल्या तिसाव्या सामन्यात, १७ जूनला, त्याचा जमिनीवरून गेलेला एक फटका शिकागो व्हाइट सॉक्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ल्यूक अ‍ॅपलिंगच्या खांद्यावर उसळला. स्कोअररने ती हिट दिली आणि मालिका टिकली. एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, दिली असती, तर ५६ हा आकडा आज कुणाला पाठ नसता.

हे लक्षात ठेवून दोघांचे मोसमाचे आकडे शेजारी मांडू.

विल्यम्स: १४३ सामने, ४५६ अ‍ॅट-बॅट, १८५ हिट्स, त्यात ३३ डबल, ३ ट्रिपल, ३७ होम रन, १४७ वॉक, ३ वेळा चेंडू अंगावर, २७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), १३५ धावा, १२० आरबीआय.

डिमॅजिओ: १३९ सामने, ५४१ अ‍ॅट-बॅट, १९३ हिट्स, त्यात ४३ डबल, ११ ट्रिपल, ३० होम रन, ७६ वॉक, ४ वेळा चेंडू अंगावर, १३ स्ट्राइकआउट, १२२ धावा, १२५ आरबीआय.

१८५ भागिले ४५६ केलं की ०.४०५७ येतात. तक्ते तीन दशांश स्थळांपर्यंत छापतात, म्हणून ०.४०६. डिमॅजिओचे ०.३५७. ट्रॅव्हिसचे ६०८ अ‍ॅट-बॅटमध्ये २१८, म्हणजे ०.३५९. सरासरीत डिमॅजिओ लीगमध्ये दुसराही नव्हता. तो मान ट्रॅव्हिसचा.

२८ सप्टेंबरचं गणित

मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर रेड सॉक्सचे एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. त्या सकाळी विल्यम्सच्या खात्यात ४४८ अ‍ॅट-बॅटमध्ये १७९ हिट्स होत्या. भागाकार ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं की ०.४००, म्हणजे बॅटर ज्याचं स्वप्न पाहतात तो टप्पा. तो त्या दिवशी बाकावर बसून राहिला असता, तरी तक्त्यात त्याच्यापुढे ०.४०० छापलं गेलं असतं. मॅनेजर जो क्रोनिनने त्याला तशी मोकळीकही दिली होती. विल्यम्स दोन्ही सामने खेळला.

जोखीम किती होती, ते आकड्यांनी पाहू. दोन्ही सामने मिळून त्याला आठ अ‍ॅट-बॅट मिळाले. आठांत तीन हिट्स मारल्या असत्या, तर १८२ भागिले ४५६, म्हणजे ०.३९९. तेव्हा आठांत चार हव्याच होत्या. आठांत तीन हा दर ०.३७५ पडतो. इतर कुठल्याही बॅटरसाठी ती झकास कामगिरी, पण त्या दिवशी ती त्याच्या सरासरीला खाली ओढणारी ठरली असती. सरासरी ०.४०० वर टांगलेली असली, की पाच अ‍ॅट-बॅटमध्ये दोन हिट्स मारून माणूस जेमतेम आहे तिथे राहतो.

पहिल्या सामन्यात त्याने पाचपैकी चार वेळा हिट मारली, त्यात एक होम रन. खातं ४५३ मध्ये १८३, म्हणजे ०.४०४. इथे दुसऱ्यांदा थांबायची संधी होती, आणि या वेळी धोका कमी होता: पुढच्या तीन अ‍ॅट-बॅटमध्ये भोपळा मिळाला असता, तरी ०.४०१ उरले असते. दुसऱ्या सामन्यात त्याने तीनपैकी दोन मारल्या. दिवसाचा हिशेब आठांत सहा.

या सरासरीत आणखी एक बारकावा दडलेला आहे आणि तो नियमाचा आहे. बॅटरने चेंडू उंच मारला, क्षेत्ररक्षकाने झेलला, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा सहकारी धावत येऊन धाव काढून गेला, तर त्याला सॅक्रिफाइस फ्लाय म्हणतात. आज असा फटका अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. हा नियम अनेकदा आला-गेला. १९३९ मध्ये तो होता, १९४० मध्ये काढला आणि १९५४ मध्ये परत आणला. म्हणजे १९४१ मध्ये असा प्रत्येक फटका विल्यम्सच्या भाजकात जमा होत होता. समजा, मोसमात असे सहा फटके होते. ते वगळले तर १८५ भागिले ४५०, म्हणजे ०.४११. वेगवेगळ्या दशकांतल्या सरासरींची तुलना करताना भाजकाची व्याख्या तीच होती का, हे आधी तपासावं लागतं ते यासाठीच.

वॉक मोजला की चित्र बदलतं

सरासरीचा खरा दोष असा की ती वॉकला शून्य किंमत देते. वॉक अंशातही नाही, भाजकातही नाही. जणू ती पाळी झालीच नाही. प्रत्यक्षात बॅटर बेसवर पोचलेला असतो, धाव काढायला तयार असतो आणि संघाचा एकही आउट खर्च झालेला नसतो. बेसबॉलमध्ये नऊ इनिंगना २७ आउट मिळतात. तोच संघाचा साठा. आउट न होणं ही त्यात पहिली कमाई.

हे मोजणारा आकडा म्हणजे ऑन-बेस टक्का. हिट्स, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज करायची आणि अ‍ॅट-बॅट, वॉक व अंगावर लागलेले चेंडू यांच्या बेरजेने भागायचं. आजच्या नियमाने सॅक्रिफाइस फ्लायही भाजकात येतात. १९४१ मध्ये ते अ‍ॅट-बॅटमध्येच असल्यामुळे वेगळे मिळवायची गरज नाही. विल्यम्ससाठी वर १८५ अधिक १४७ अधिक ३, म्हणजे ३३५. खाली ४५६ अधिक १४७ अधिक ३, म्हणजे ६०६. उत्तर ०.५५३. पिचरसमोर तो जितक्या वेळा उभा राहिला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त वेळा बेसवर पोचला. एका मोसमातला हा विक्रम २००२ मध्ये बॅरी बाँड्सने ०.५८२ करून मोडला, म्हणजे तो ६१ वर्षं टिकला. आमच्या मते विल्यम्सच्या त्या वर्षीचा खरा मोठा आकडा हा आहे, ०.४०६ नव्हे. डिमॅजिओचा ऑन-बेस टक्का ०.४४०. तोही उत्तमच, पण अंतर केवढं मोठं आहे ते बघा.

फटक्यातली ताकद मोजायला स्लगिंग टक्का असतो. सिंगलला एक बेस, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होम रनला चार असे एकूण बेस मोजायचे आणि अ‍ॅट-बॅटने भागायचं. विल्यम्सच्या १८५ हिट्समधून डबल, ट्रिपल आणि होम रन वजा केले की ११२ सिंगल उरतात. ११२ अधिक ६६ अधिक ९ अधिक १४८, म्हणजे ३३५ बेस. (बेसवर पोचण्याची संख्याही ३३५ आणि एकूण बेसही ३३५, हा निव्वळ योगायोग.) ३३५ भागिले ४५६ म्हणजे ०.७३५. डिमॅजिओचे एकूण बेस ३४८, लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याचे अ‍ॅट-बॅट ८५ नी जास्त होते, म्हणून त्याचा टक्का ०.६४३ वर थांबतो. एकूण बेसच्या तक्त्यात डिमॅजिओ वर आणि स्लगिंगच्या तक्त्यात विल्यम्स वर, असं का, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

दोघांची सगळ्यात साधी आणि सगळ्यात बोलकी तुलना आउटची आहे. अ‍ॅट-बॅटमधून हिट्स वजा करा. विल्यम्सने २७१ आउट खर्च केले, डिमॅजिओने ३४८. फरक ७७ आउटचा. २७ आउटचा एक सामना, म्हणजे जवळपास तीन पूर्ण सामन्यांचे आउट. डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) आणि बेस चोरताना बाद होणं यात धरलेलं नाही, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण ते धरूनही पारडं उलटत नाही.

ट्रॅव्हिसचं काय? तो डावखुरा, लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ सपाट फटके, मारणारा शॉर्टस्टॉप. त्याने होम रन मारले फक्त सात, पण १९ ट्रिपल मारले आणि १०१ आरबीआय घेतले. वॉक तो विल्यम्सच्या मानाने फारच कमी घेई, म्हणून त्याला अ‍ॅट-बॅट १५२ नी जास्त मिळाले. एकूण हिट्सच्या तक्त्यात असाच बॅटर वर येतो: चांगली सरासरी, कमी वॉक, क्वचितच सामना चुकवणं. हिट्सचा तक्ता पाहताना शेजारी वॉकचा रकाना उघडा ठेवावा. पुढे दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत त्याचे पाय हिमदंशाने गोठले आणि परत आल्यावर त्याचा खेळ पूर्वीसारखा राहिला नाही. कारकिर्दीची ०.३१४ सरासरी असूनही त्याचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

आरबीआय: सहकाऱ्यांच्या जिवावरचा आकडा

बॅटरच्या फटक्यामुळे जितके जण धाव पूर्ण करतात तितके आरबीआय त्याच्या खात्यात जमा होतात. १९४१ मध्ये डिमॅजिओ १२५, हीथ १२३, यांकीजचाच चार्ली केलर १२२ आणि विल्यम्स १२०. विल्यम्सला आणखी सहा मिळाले असते, तर सरासरी, होम रन आणि आरबीआय या तिन्हींत तो पहिला ठरला असता आणि ट्रिपल क्राउन त्याच्या नावावर लागला असता. तो त्याने पुढे १९४२ आणि १९४७ मध्ये मिळवला.

या आकड्याला भाजकच नाही. किती वेळा सहकारी बेसवर होते, कुणाला किती संधी मिळाल्या, हे त्यात दिसत नाही. शिवाय बेसवर माणसं असताना विल्यम्ससमोर पिचर जपून टाकत आणि तो खराब चेंडूच्या मागे धावत नसे. त्याने घेतलेल्या वॉकवर, तिन्ही बेस भरलेले नसतील तर, आरबीआय मिळत नाही. संघाचं भलं होतं, आरबीआयच्या खात्यात मात्र काही पडत नाही. पाच आरबीआयच्या फरकावरून कुणाला सरस ठरवणं म्हणून पटत नाही.

५६ सामने

मालिकेचा नियम आधी. प्रत्येक सामन्यात किमान एक हिट हवी. एखाद्या सामन्यात बॅटरच्या सगळ्याच पाळ्या वॉक, अंगावर चेंडू, क्षेत्ररक्षकाचा अडथळा किंवा सॅक्रिफाइस बंट यांत गेल्या, तर मालिका तुटत नाही. हिट नाही आणि सॅक्रिफाइस फ्लाय आहे, तर आजच्या नियमाने ती तुटते.

डिमॅजिओची मालिका १५ मे रोजी सुरू झाली. २ जुलैला त्याने बोस्टनविरुद्ध होम रन मारून विली कीलरचा १८९७ चा ४४ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. कीलरच्या काळी नॅशनल लीगमध्ये फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला चेंडू स्ट्राइक म्हणून मोजत नसत, म्हणजे बॅटरला ते सोयीचं होतं, हेही इथे लक्षात घ्यावं. ५६ सामन्यांत डिमॅजिओने २२३ अ‍ॅट-बॅटमध्ये ९१ हिट्स मारल्या, म्हणजे ०.४०८. आत डोकावलं तर ३४ सामन्यांत एकच हिट, १३ मध्ये दोन, ५ मध्ये तीन आणि ४ मध्ये चार. ५६ पैकी ३४ दिवस मालिका एका हिटवर तगून होती. त्याच तारखांच्या दरम्यान विल्यम्सची सरासरी ०.४१२ होती. तरीही त्या मोसमात विल्यम्सची सलग हिट्सची मालिका २३ सामन्यांवरच थांबली.

जास्त सरासरीवाल्याची मालिका छोटी कशी? पुन्हा भाजक. मालिकेत प्रश्न असा असतो, की आजच्या चार-पाच पाळ्यांत एक तरी हिट मिळेल का? तेव्हा हिट्सना अ‍ॅट-बॅटने न भागता सगळ्या पाळ्यांनी भागायला हवं. विल्यम्स १८५ भागिले ६०६, म्हणजे ०.३०५. डिमॅजिओसाठी अ‍ॅट-बॅट, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज ६२१. १९३ भागिले ६२१ म्हणजे ०.३११. इथे डिमॅजिओ पुढे आहे. वॉक घेणारा बॅटर संघाला जास्त उपयोगी पडतो, पण प्रत्येक वॉक त्याच्या मालिकेची एक संधी खाऊन टाकतो.

शक्यता स्वतः काढून पाहता येते. डिमॅजिओला सामन्यामागे सुमारे ४.४७ पाळ्या मिळाल्या. एका पाळीत हिट न मिळण्याची शक्यता ०.६८९. या संख्येचा ४.४७ वा घात म्हणजे सुमारे ०.१९. तेव्हा एखाद्या सामन्यात किमान एक हिट मिळण्याची शक्यता साधारण ८१ टक्के. ऐकायला भक्कम वाटते. पण सलग दहा सामन्यांत तसं होण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. ठरावीक ५६ सामन्यांसाठी ती सव्वा लाखात एक पडते. मालिका मोसमात कुठेही सुरू होऊ शकते, हे धरलं तरी सुमारे साडेसात हजारांत एक. विल्यम्सच्या आकड्यांनी हेच गणित केलं, तर ठरावीक ५६ सामन्यांची शक्यता सात लाखांत एकच्या आसपास जाते. हे सगळं प्रत्येक पाळी सारखी आणि स्वतंत्र धरून केलेलं गणित आहे. प्रत्यक्षात रोजचा पिचर वेगळा आणि मैदान वेगळं असतं. चढ-उताराच्या त्या दिवसांनी शक्यता आणखी थोडी घटते.

१७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७,४६८ प्रेक्षकांसमोर मालिका तुटली. तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक केन केल्टनर याने लाइनीला चिकटून गेलेले दोन जोरदार फटके उलट्या हाताने अडवले आणि लांबून पहिल्या बेसवर फेकले. एकदा वॉक मिळाला. शेवटच्या पाळीत चेंडू शॉर्टस्टॉप लू बूड्रोकडे गेला आणि डबल प्ले झाला. डिमॅजिओने चेंडू वाईट मारले नव्हते. उभा असलेला माणूस योग्य जागी उभा होता. लगेच पुढचे १६ सामने त्याने पुन्हा हिट्स मारल्या, म्हणजे ७३ पैकी ७२.

पुरस्कार आणि मतं

एमव्हीपीसाठी बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे २४ पत्रकार, आठ शहरांतून प्रत्येकी तीन, मत देत. पहिल्या पसंतीला १४ गुण, दुसऱ्या पसंतीला ९. डिमॅजिओला १५ जणांनी पहिलं आणि उरलेल्या नऊही जणांनी दुसरं स्थान दिलं: २१० अधिक ८१, एकूण २९१. विल्यम्सला ८ पहिली मतं, एकूण २५४. यांकीज १०१ सामने जिंकून पहिले आले, रेड सॉक्स १७ सामने मागे दुसरे. पत्रकारांनी विजेत्या संघाला, मालिकेला आणि सेंटर फील्डमधल्या डिमॅजिओच्या क्षेत्ररक्षणाला वजन दिलं. क्षेत्ररक्षणाचा मुद्दा खराच आहे. विल्यम्स त्यात साधारण होता. मैदानांचाही विचार करायला हवा. यांकी स्टेडियममध्ये डाव्या-मधल्या बाजूचं कुंपण ४५७ फुटांवर होतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या डिमॅजिओचे कित्येक फटके तिथे झेल ठरत. उलट फेनवे पार्कमध्ये १९४० साली उजवीकडे बुलपेन (पिचरच्या सरावाची जागा) बांधल्याने डावखुऱ्या विल्यम्ससाठी कुंपण जवळ आलं होतं. हे सगळं मान्य करूनही निव्वळ बॅटिंगचा विचार केला, तर १९४१ मध्ये विल्यम्सच्या जवळपासही कुणी नव्हतं, असंच आम्ही म्हणू.

नॅशनल लीगमध्ये चुरस एवढी खोल नव्हती. ब्रुकलिन डॉजर्सचा २२ वर्षांचा पीट रायझर ०.३४३ ने पहिला आला. त्याच संघाचा डॉल्फ कॅमिली ३४ होम रन आणि १२० आरबीआयसह एमव्हीपी झाला.

दुसऱ्या काळाशी तुलना करायची असेल तर

बॅटरच्या सरासरीला त्याच्या लीगच्या सरासरीने भागा. १९४१ च्या अमेरिकन लीगची सरासरी ०.२६६. ०.४०६ भागिले ०.२६६ म्हणजे १.५३. १९३० मध्ये नॅशनल लीगच्या बिल टेरीची सरासरी ०.४०१ होती, पण त्या वर्षी अख्ख्या लीगचीच सरासरी ०.३०३ होती, भागाकार १.३२. आणि १९६८ मध्ये, पिचर्सचं राज्य असताना, कार्ल यास्त्रेम्स्कीने फक्त ०.३०१ ने अमेरिकन लीगचा अव्वल सरासरीचा किताब जिंकला. लीग ०.२३०, भागाकार १.३१. टेरीचे ०.४०१ आणि यास्त्रेम्स्कीचे ०.३०१ आपापल्या वर्षात जवळजवळ सारख्याच तोलाचे आहेत.

दुसरी तपासणी पात्रतेची. किती खेळलं तर किताबासाठी नाव धरायचं? १९५४ मध्ये अट ४०० अ‍ॅट-बॅटची होती. विल्यम्सची सरासरी ०.३४५, लीगमध्ये सर्वाधिक. पण १३६ वॉकमुळे त्याचे अ‍ॅट-बॅट ३८६ च भरले आणि किताब ०.३४१ वाल्या बॉबी अ‍ॅव्हिलाला गेला. चांगले चेंडू ओळखण्याबद्दल मिळालेली ती शिक्षाच होती. १९५७ पासून अट प्लेट अपीअरन्सवर आली: संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१. आजच्या १६२ सामन्यांना ५०२. कमी पडलेल्या पाळ्या शून्य हिटच्या अ‍ॅट-बॅट म्हणून मिळवायच्या आणि तरीही बॅटर पहिला येत असेल, तर किताब त्याचाच. १९९६ मध्ये सॅन दिएगोच्या टोनी ग्विनच्या पाळ्या चारने कमी पडल्या. त्याच्या ४५१ मध्ये १५९ हिट्स, म्हणजे ०.३५३, चार मिळवून ४५५ मध्ये १५९ केले तरी ०.३४९ राहिले आणि तोच जिंकला.

तिसरी गोष्ट तक्त्यात कोण नव्हतं याची. १९४१ च्या या दोन्ही लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. ती बंदी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनपासून उठली. २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ दरम्यानच्या निग्रो लीग्जची, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जची, आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावून घेतली. त्यामुळे कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर आता जॉश गिब्सनचे ०.३७२ आहेत, आणि होमस्टेड ग्रेज संघाकडून १९४३ मध्ये गिब्सनने काढलेली ०.४६६ सरासरीही त्याच यादीत आली. तेव्हा विल्यम्सला ‘०.४०० ओलांडणारा शेवटचा’ म्हणताना अमेरिकन आणि नॅशनल लीगपुरता, असं जोडावं लागतं. निग्रो लीग्जचे मोसम बरेच छोटे असत आणि छोट्या भाजकात सरासरी जास्त वर-खाली होते, हे खरं. म्हणूनच तिथेही सामन्यामागे ३.१ पाळ्यांचीच अट लावली आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात मात्र गिब्सन अमेरिकेतल्या कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. तो तेव्हा मेक्सिकोच्या लीगमध्ये व्हेराक्रूझकडून खेळत होता, आणि ९४ सामन्यांत त्याने ३३ होम रन मारले.